लाइनवरचा घोडा लोकलला घेताना

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि व्यवसाय

प्रश्न : मी कळंबोलीला राहतो. गेली चौदा वर्षे न्हावा शेवा ते दिल्ली आणि न्हावा शेवा ते बेंगळुरू या लाइनवर स्वतःचा ट्रेलर चालवला. आईचे आजारपण आणि मुलीची दहावी यांमुळे आता रात्रीचा मुक्काम घरी हवा आहे, म्हणून जुनी गाडी विकून बंदरातून भिवंडी, तळोजा, पाताळगंगा अशा लोकल फेऱ्या धरण्याचे ठरवले आहे. त्यासाठी २०२० अखेरचा एक बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांचा) घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन, पाहून ठेवला आहे. मीटरवर ५,२०,००० किलोमीटर आहेत. गाडी फक्त लाइनवर चालली आणि इंजिन एकदाही उघडलेले नाही, असे मालक सांगतो. त्याच यार्डात २०१८ चा बीएस-४ (आधीच्या निकषांचा) घोडाही आहे आणि तो बराच स्वस्त मिळतो आहे. इंजिन कसे पारखावे आणि लोकलसाठी यांतला कोणता घ्यावा?
– एक ट्रेलरमालक, कळंबोली

उत्तर : आपण लोकल धरणार आहात, ही गोष्ट इंजिन तपासण्याच्या प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवावी लागेल, कारण पाच लाख किलोमीटर लाइनवर सुखाने धावलेले इंजिन लोकलमध्येही तसेच चालेल असे गृहीत धरता येत नाही. ताशी पन्नास-साठच्या वेगाने गाडी चालते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटरला मदत करतो, त्यामुळे पंख्याचा क्लच थकलेला असला तरी तापमानाचा काटा वर जात नाही. सायलेन्सर सतत तापलेला असतो, त्यामुळे त्यातली काजळी आपोआप जळत राहते. ब्रेक क्वचित लागतात, त्यामुळे हवेच्या कॉम्प्रेसरला फारसे काम पडत नाही. बंदराच्या गेटबाहेर मे महिन्यातल्या दुपारी चार तास रांगेत उभे राहिल्यावर मात्र यातली एकही सवलत उरत नाही. म्हणून हे इंजिन आजवर कसे चालले याबरोबरच उद्याच्या कामाला ते कुठे कमी पडेल, हेही आपल्याला शोधायचे आहे.

सुरुवात तासांपासून करा. किलोमीटरचा आकडा सगळे विचारतात, तास फारसे कोणी विचारत नाही. स्कॅनर लावला की इंजिन एकूण किती तास चालले, त्यांतले किती तास उभ्याने चालले आणि एकूण किती डिझेल जळले, हे बहुतेक बीएस-६ गाड्यांच्या संगणकातून वाचता येते. समजा ५,२०,००० किलोमीटरला ११,००० तास निघाले, तर सरासरी वेग ताशी ४७ किलोमीटर येतो आणि गाडी लाइनवर चालली हे मालकाचे म्हणणे पटते. तेच तास २१,००० निघाले, तर सरासरी २५ वर येते. म्हणजे गाडी एक तर लोकलमध्येच राबली आहे किंवा ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला असताना रात्रभर चालू राहिली आहे. उभ्याने चाललेल्या तासांची नोंद मीटरवर पडत नाही, पण बेअरिंग, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि ऑइल यांच्यावर ती पडलेली असते. डिझेलच्या आकड्याने किलोमीटरचाही पडताळा होतो. ट्रेलर लिटरमागे तीन किलोमीटर देतो असे धरले, तर ५,२०,००० किलोमीटरला सुमारे १,७३,००० लिटर डिझेल जायला हवे. संगणक २,४०,००० लिटर दाखवत असेल, तर गाडीची सरासरी सव्वादोनच्याही खाली आहे, किंवा ती खूप तास उभ्याने चालली आहे, किंवा मीटरला हात लागला आहे. तिन्ही शक्यता मालकापुढे ठेवून शांतपणे खुलासा मागावा.

दुसरी गोष्ट म्हणजे थंड इंजिनाची पहिली सुरुवात. काही वर्षांपूर्वी एका मित्रासाठी गाडी पाहायला मी सकाळी सात वाजता यार्डात पोहोचलो, तर मालक आधीच हजर होता आणि गाडी ‘नुकतीच जागेवरून हलवली’ असे सांगत होता. इंजिनाच्या ब्लॉकला हात लावला तर चटका बसला. आम्ही दुसऱ्या दिवशी न सांगता पहाटे गेलो, तेव्हा तेच इंजिन तीन वेळा सेल्फ मारल्यावर उठले आणि पांढऱ्या धुराने सगळे यार्ड भरून गेले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की बॉनेट आधी, चावी नंतर. ब्लॉक गार असल्याची खात्री करूनच गाडी सुरू करायला सांगावे. मुंबईच्या हवेत हिवाळ्यातल्या पहाटेही पारा सहसा पंधराच्या खाली जात नाही, त्यामुळे उत्तरेतल्या थंडीची सबब इथे चालत नाही. निरोगी इंजिन दोन-तीन सेकंदांत उठते आणि मिनिटभरात एकसारखे चालू लागते. पांढरा धूर टिकून राहिला आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असला, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांच्यावर संशय घ्यावा. वास गोडसर असला तर कुलंट सिलिंडरमध्ये उतरते आहे असे समजावे. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे.

इथे बीएस-६ गाडीची एक अडचण समजून घ्या. बीएस-४ च्या सायलेन्सरमधून येणारा काळा धूर डोळ्यांना दिसतो. बीएस-६ मध्ये काजळी अडवणारा डीपीएफ म्हणजे फिल्टर बसवलेला असतो, तो हा धूर पोटात घेतो आणि बिघडलेले इंजेक्टर किंवा गळका टर्बो असूनही बाहेरून गाडी स्वच्छ दिसते. त्यामुळे धूर नाही म्हणून इंजिन चांगले, हा हिशेब या गाडीला लागू पडत नाही. त्याऐवजी स्कॅनरवर फिल्टरमध्ये किती काजळी साठली आहे, ती जाळण्याची प्रक्रिया, म्हणजे रिजनरेशन, आजवर किती वेळा झाली आणि शेवटची केव्हा झाली, हे पाहावे. लाइनवर चालणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया वरचेवर झालेली दिसली, तर इंजिन गरजेपेक्षा जास्त काजळी तयार करते आहे, आणि लोकलला लावल्यावर तोच त्रास कितीतरी पटींनी वाढेल. सायलेन्सरच्या तोंडात आतून बोटही फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर बोट जवळजवळ कोरडे आणि स्वच्छ निघते. काळीकुट्ट काजळी लागली तर फिल्टर फुटलेला आहे किंवा कोणीतरी आतून पोकळ केला आहे.

युरियाची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीतून सोडल्या जाणाऱ्या द्रवाची, चौकशीही याच वेळी करावी. युरियाचा खर्च वाचवण्यासाठी काही मालक संगणकाला फसवणारी डबी बसवून घेतात. बीएस-६ गाडीला डिझेलच्या साधारण चार ते सहा टक्के युरिया लागतो. पाच वर्षांच्या डिझेलची बिले आहेत आणि युरियाचे एकही नाही, अशी फाइल दिसली तर वायरिंग उघडून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. कारण ती डबी काढून गाडी मूळ स्थितीत आणताना नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) मोजणारा सेन्सर, युरियाचा पंप आणि त्याचे नोझल या सगळ्यांचा खर्च आपल्या माथी येऊ शकतो.

आता इंजिनाच्या पोटाकडे वळू. गाडी स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून तिथेच उलटे ठेवावे. थोडी वाफ आणि हलका श्वास स्वाभाविक आहे, पण झाकण उडून पडले किंवा धूर ठोक्याठोक्याने बाहेर येऊ लागला, तर पिस्टनच्या रिंगांमधून गॅस खाली उतरतो आहे. ही घरगुती परीक्षा झाली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये क्रँककेसचा दाब मोजून मिळतो आणि त्या इंजिनाची मर्यादा तिथल्या पुस्तकात असते, म्हणून संशय असेल तर तेवढे मोजमाप करूनच घ्या. स्कॅनरने एकेक सिलिंडर बंद करून पाहण्याची सोय असते, त्यातूनही कोणता सिलिंडर हात राखून काम करतो ते कळते.

ऑइलची परीक्षा डिपस्टिकवर थांबवू नये. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी, हे प्रत्येक मिस्त्री सांगतो. पण ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर त्याहून पुष्कळ जास्त कळते, आणि गाडीच्या किमतीपुढे हा खर्च अगदी किरकोळ आहे. अहवालात लोखंड आणि क्रोमियम वाढलेले असतील तर लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि रिंगांची झीज, शिसे आणि तांबे वाढलेले असतील तर बेअरिंगची झीज, सिलिकॉन वाढलेले असेल तर एअर फिल्टरच्या मागच्या नळीतून धूळ आत जाते आहे, आणि सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर कुलंट ऑइलमध्ये येते आहे, असा साधारण अर्थ लावतात. हे ऑइल किती किलोमीटर चालले आहे, याची नोंद नमुन्याबरोबर द्यावीच लागते. कालच बदललेल्या ऑइलचा अहवाल निर्मळच येणार. गाडी दाखवण्याआधी मालकाने नवे ऑइल भरलेले दिसले, तर जुना फिल्टर कुठे आहे ते विचारा आणि तो कापून त्याच्या कागदाच्या घड्यांत धातूचा कीस अडकला आहे का ते पाहा.

कुलंटच्या टाकीत डोकावायला विसरू नका. वाटेत पाणी कमी झाले की ढाब्यावरच्या बोअरवेलचे पाणी ओतण्याची सवय लाइनवर सर्रास आहे, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. ज्या इंजिनात लायनरच्या बाहेरून पाणी फिरते, त्यात योग्य कुलंट नसले की लायनरच्या कंपनाने पाण्यात बारीक बुडबुडे फुटत राहतात आणि लायनरला बाहेरून सुईच्या टोकाएवढी भोके पडत जातात. टाकीत तांबूस गढूळ पाणी दिसले, तर ‘इंजिन कधी उघडलेले नाही’ हे वाक्य कौतुकाचे न मानता काळजीचे मानावे. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. रेडिएटरच्या जाळीवरून बोट फिरवून पाहा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या जाळीची पाती हाताला चुरा होऊन लागतात, आणि अशी गाडी उरणच्या रस्त्यावर उभ्याने तापणारच.

टर्बोची आणि इंटरकूलरची नळी सोडून आत ऑइलचा थर आहे का, आणि टर्बोचा दांडा आत-बाहेर हलतो का, ते पाहावे. हवेच्या टाकीचा कॉक खेचला की पाण्याबरोबर ऑइल आले, तर कॉम्प्रेसर संपत आला आहे. लोकलमध्ये दर शंभर पावलांवर ब्रेक लागत असल्याने तो आधी बिघडेल. क्लच दाबल्यावर पुढची पुली नजरेला दिसेल इतकी पुढे सरकत असेल किंवा इंजिनाचा सूर खाली बसत असेल, तर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगची झीज झालेली आहे आणि ती गाडी सोडून द्यावी.

शेवटी भरलेल्या गाडीची फेरी. रिकामा घोडा यार्डात फिरवून इंजिनाबद्दल काहीही कळत नाही. भरलेला ट्रेलर जोडून कळंबोलीहून शिळफाटामार्गे मुंब्रा बायपासचा चढ चढवावा. अवजड वाहनांना मुभा असलेल्या वेळेतच जावे. चढावर जोर एकसारखा राहतो का, कुलंटचा काटा कुठे थांबतो, टर्बोची शिट्टी बदलते का, हे पाहत जावे. परत आल्यावर लगेच बंद न करता गाडी स्लोवर वीस-पंचवीस मिनिटे उभी ठेवा, कारण आपली खरी परीक्षा हीच आहे. तापलेल्या इंजिनात स्लोवर ऑइलचा दाब किती उरतो, यावरून बेअरिंगची अवस्था कळते, आणि उभ्याने काटा चढू लागला तर पंख्याच्या क्लचचा किंवा रेडिएटरचा दोष लाइनवर लपून राहिला होता असे समजावे. फेरीनंतर पुन्हा स्कॅनर लावावा. सकाळी एकही दोष दिसत नव्हता आणि भरलेल्या फेरीनंतर तीन दिसले, तर त्यांच्या नोंदी आधी संगणकातून पुसलेल्या असण्याची शक्यता मोठी.

दोहोंतला कोणता, याचे माझे उत्तर असे. बीएस-४ घोड्याला काजळीचा फिल्टर नाही, त्यामुळे रांगेत उभे राहण्याचे काम त्याला सोपे जाते, हे खरे आहे. पण व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस करून घ्यावे लागते आणि २०१८ ची गाडी त्या उंबरठ्यावर आहे. आपल्याला अजून बरीच वर्षे धंदा करायचा असल्याने, फिल्टर शाबूत, तास कमी आणि ऑइलचा अहवाल निर्मळ असेल तर माझा कल बीएस-६ कडे आहे. यातली एक जरी गोष्ट फसली आणि बीएस-४ चे इंजिन वरच्या परीक्षांत उत्तीर्ण झाले, तर खुशाल बीएस-४ घ्यावा. दोन्हीही नापास झाले तर महिनाभर थांबावे. भाव करताना टर्बो, इंजेक्टर, फिल्टर आणि फुल इंजिन (इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती) यांच्या खर्चाचा अंदाज सर्व्हिस सेंटरकडून लेखी आणावा आणि तो कागद टेबलावर ठेवून बोलावे. इंजिन आणि चेसिस क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावेत, आणि इसाराच्या चिठ्ठीत ऑइलचा अहवाल व भरलेली फेरी समाधानकारक असल्यासच सौदा पुरा होईल, ही अट लिहून घ्यावी.

प्रश्न : माझा बीएस-६ ट्रेलर दोन वर्षे लाइनवर विनातक्रार चालला. गेल्या वर्षी तो बंदर ते सीएफएस (बंदराजवळचे कंटेनरचे गोदाम) अशा जवळच्या फेऱ्यांना लावला आणि तेव्हापासून फिल्टरचा दिवा दर तीन-चार दिवसांनी लागतो. मिस्त्री फिल्टर काढून टाकायला सांगतो. काढावा का?
– एक वाचक, उरण

उत्तर : काढू नये. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार करता येत नाही, आणि ज्या गावाच्या रस्त्यावर आपण रोज उभे राहता तिथल्याच मुलांच्या छातीत ती काजळी जाते.

दिवा वारंवार लागण्याचे मुख्य कारण फेऱ्यांची लांबी हे आहे. काजळी जाळण्यासाठी फिल्टरमध्ये ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, भार घेऊन चालताना २५० ते ४०० अंशांत ती थोडीथोडी आपोआपही जळते, पण स्लोवर उभ्या गाडीचा धूर दीडशे अंशांपर्यंतही क्वचित पोहोचतो. बंदर ते सीएफएस या सात-आठ किलोमीटरमध्ये सायलेन्सर तापण्याआधीच गाडी पुन्हा रांगेत लागते. म्हणून आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या तरी भिवंडीसारख्या लांबच्या घ्याव्यात आणि त्या वाटेवर अर्धा तास एक गिअर खाली ठेवून इंजिन जरा जास्त आरपीएमवर चालवावे. रिजनरेशन सुरू झाल्याची खूण दिसली की गाडी मध्येच बंद करू नये. अर्धवट राहिलेल्या प्रक्रियेत सिलिंडरमध्ये जादा सोडलेले डिझेल काही इंजिनांत ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. वाढलेले ऑइल पाहून आनंद न मानता ते बदलावे. उभ्याने रिजनरेशन करायचे झाल्यास वाळलेले गवत, ताडपत्री आणि ज्वालाग्राही मालाचे कंटेनर यांच्यापासून दूर, मोकळ्या जागी करावे.

एवढे करूनही दिवा लागत राहिला, तर फिल्टरमध्ये काजळी आहे की राख, हे स्कॅनरवर पाहून घ्या. काजळी जळते, राख जळत नाही. राख इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते आणि ती फिल्टर उतरवून यंत्रावर साफ करून घ्यावी लागते. बीएस-६ ला कमी राखेचे ऑइल याच कारणासाठी सांगितलेले असते. स्वस्त म्हणून जुन्या गाड्यांचे ऑइल भरले जात असेल तर ते आजच थांबवा. फिल्टर साफ करून महिन्याभरात पुन्हा भरला, तर दोष फिल्टरच्या आधी कुठेतरी, म्हणजे इंजेक्टर, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) किंवा टर्बो यांत आहे, आणि तो शोधल्याशिवाय नवा फिल्टर घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

प्रश्न : जुनी गाडी पाहताना मालक ‘नुकतेच हाफ इंजिन करून घेतले आहे’ असे सांगतो आणि बिलही दाखवतो. अशा गाडीला जास्त पैसे द्यावेत का?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : बिलातील प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय देऊ नयेत. ‘हाफ इंजिन’ या शब्दाला प्रत्येक गॅरेजचा वेगळा अर्थ आहे. कुठे पिस्टन, रिंगा, लायनर आणि बेअरिंग हे सगळे बदललेले असते, तर कुठे फक्त हेड उतरवून गॅस्केट घातलेले असते. सुट्या भागांचे क्रमांक बिलावर आहेत का, जुने भाग किंवा उघडलेल्या इंजिनाचे फोटो आहेत का, लायनर बसवल्यावर त्याची उंची मोजली होती का, हे विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम का करावे लागले, हे विचारावे. इंजिन तापून काम निघाले असेल आणि रेडिएटर व पाण्याचा पंप जुनेच असतील, तर कारण गाडीतच शिल्लक आहे. धूळ खाऊन रिंगा गेल्या असतील, तर एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळी हाताने चाचपून पाहावी. नळी आवळणारा पट्टा सैल असेल तर नव्या रिंगाही तशाच जातील. नव्या कामानंतर गाडी किती किलोमीटर भार घेऊन चालली आहे, तेही पाहा. यार्डात उभी राहिलेली, फक्त रंग मारलेल्या ब्लॉकची गाडी दाखवली, तर आधी भरलेल्या चार-पाच फेऱ्या होऊ द्याव्यात, मग ऑइलचा नमुना काढावा, आणि अहवाल हातात आल्यावर किमतीचे बोलणे सुरू करावे.